पंचवीस फेऱ्या आणि एक हलगी

माझी मुलगी तेजस्वी चालते. तशी सगळ्यांचीच मुलं चालतात, पण माझी स्पर्धेत चालते. दहा हजार मीटर, म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या, आणि पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढं टाकलेल्या पायाचा गुडघा ताठ हवा. मैदानाच्या कडेनं पंच उभे असतात आणि त्यांचं काम एवढंच, की चालणारी पोरगी मधूनच पळत तर नाही ना हे बघायचं. हे मी आता सराईतासारखं सांगतोय, पण गेल्या डिसेंबरपर्यंत मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. घोटाळा सगळा तिथंच झाला.

आम्ही कसबा बावड्याचे. आमच्या गल्लीत कुस्ती कळते. कुठल्या पैलवानानं कुठल्या मैदानात कुणाला कितव्या मिनिटाला आस्मान दाखवलं हे इथं दूध घालायला येणाराही सांगतो. पण चालणं हा खेळ आहे असं मी म्हणालो की लोक माझ्याकडं काळजीनं बघत. माझी थोरली बहीण, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, ती पासष्ट वर्षांची असून दर पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर पायी चढते. तिला मी हा खेळ समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग त्यास्नी माझं किती बिल्लं द्याचं ऱ्हायल्यात, इचारून ये जा."

मागच्या वर्षी तेजस्वी याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या फेरीत बाद झाली. गुडघा वाकला म्हणे. घरी आली, बूट माळ्यावर टाकले आणि चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना ताटाकडं बघत म्हणाली, "सगळ्यांच्या घरचं आलं हुतं. शेवटच्या फेरीला मी वळून बघितलं. माझंच कोण न्हवतं." तिचं शर्यतीचं वर्णन एवढंच. शर्यतीच्या दिवशी मी कार्यालयात एका साहेबांच्या निवृत्तीचे पेढे खात होतो. दोन खाल्ले होते. ते मला त्या रात्रीपर्यंत आठवतही नव्हते, त्यानंतर मात्र विसरता येईनात.

यंदा तिनं बूट आपणहून माळ्यावरून उतरवले. कॉलेजचं शेवटचं वर्ष. पहिल्या दोघींना अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धेला जायला मिळणार होतं, आणि हे हुकलं की चालणं संपलं, हे तिनंच सांगितलं. मी ठरवलं, यंदा जायचं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण मी ते समोरच्या गणपतरावांना सांगितलं.

गणपतराव साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देतात. चाळीस वर्षं त्यांनी एकही कुस्तीचं मैदान चुकवलेलं नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी एकटं जानार? आनि तितं करनार काय?"

"टाळ्या वाजवीन की."

"टाळ्या," गणपतराव म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला माझ्या हातांची लाज वाटली. "कृष्णातराव, पोरगी बावड्याची हाय. टाळ्या वाजवायला ती काय गॅदरिंगात नाचत्या व्हय? हलगी पायजे. फेटं पायजेत. लोकास्नी कळाय पायजे कोन आलंय ते."

संध्याकाळपर्यंत गल्लीतली एकोणीस माणसं यायची ठरली होती आणि वडापच्या दोन जीपगाड्या सांगून झाल्या होत्या. माझी बायको वर्षाराणी म्हणाली, "अहो, पोरीला एकदा इचारा तरी." मी म्हणालो, बापाचं प्रेम विचारून करायचं नसतं. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

मग डिजिटल आलं. आमच्याकडं फ्लेक्सच्या फलकाला डिजिटल म्हणतात आणि ते लागल्याशिवाय कुठलीही घटना घडली असं धरत नाहीत. बारा फूट बाय सहा फूट. दुकानदाराकडं चालणाऱ्या बाईचा फोटो नव्हता, म्हणून त्यानं कुणा परदेशी धावपटूच्या अंगावर तेजस्वीचा चेहरा बसवला. त्यामुळं माझ्या मुलीचे दोन्ही पाय हवेत होते आणि गुडघे होते तेवढे सगळे वाकलेले होते. खाली आम्हा चौदा शुभेच्छुकांचे हसरे चेहरे, आणि वर ठळक अक्षरांत 'बावड्याची सुवर्णकन्या'. शर्यतीला अजून आठ दिवस होते. सकाळी सरावाला निघालेली तेजस्वी चौकात ते बघून परत घरी आली.

"पप्पा, शर्यत व्हायची हाय अजून."

"होणारच आहे की."

"आनि माझं दोन्ही पाय वर हायत त्यात. ह्या फोटूवरच बाद करतील मला."

मी म्हणालो, लोक चेहरा बघतात, पाय कोण बघतंय. ती बुटांच्या नाड्या आवळून सरावाला निघून गेली.

राहता राहिली हलगीची परवानगी. स्पर्धा गगनबावडा रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या मैदानावर होती. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, कारण तिथले प्राचार्य माझ्या चुलत साडूचे व्याही लागतात. मी स्वतः सव्वीस वर्षं सरकारी कार्यालयात दुसऱ्यांचे अर्ज हाताळलेला वरिष्ठ सहायक. अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. कॉलेजच्या कार्यालयात तो दिला तर तिथल्या बाई म्हणाल्या, वाद्य असेल तर सांस्कृतिक विभाग. सांस्कृतिक विभाग म्हणाला, मैदान असेल तर क्रीडा विभाग. क्रीडा विभाग म्हणाला, आवाज असेल तर पोलीस. पोलीस म्हणाले, कंपाउंडच्या आत असेल तर कॉलेज. चौथ्या दिवशी अर्ज माझ्याकडं परत आला आणि त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.' हे वाक्य मी आयुष्यात किमान दहा हजार अर्जांवर लिहिलं आहे. वाचायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि खरं सांगतो, फार झोंबलं.

अखेर साडूच्या व्याह्यांनी सही केली. 'एक (१) चर्मवाद्य, केवळ विश्रांतीच्या वेळेत.' मी तो कागद गणपतरावांना दाखवून म्हणालो की शर्यत चालू असताना वाजवता येणार नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"कृष्णातराव, पळनाऱ्याच्या मानानं चालनं म्हंजे इश्रांतीच की."

मला हे पटायला नको होतं. पण पटलं.

शर्यत सकाळी आठची. फेटे बांधलेले एकोणीस जण, परवानगी एकाच हलगीची असूनही दोन हलगीवाले, गुलालाची पिशवी, भडंगाचा पाच किलोचा डबा आणि बांबूला लावलेलं डिजिटल घेऊन आम्ही फाटकाशी उतरलो. तिथल्या रखवालदारानं फेटे बघितले आणि धावत जाऊन आत वर्दी दिली. दोन मुली ओवाळायला आल्या. आम्हाला व्यासपीठावर नेण्यात आलं, सोफ्यावर बसवण्यात आलं, आणि कुणाला काही कळायच्या आत गणपतरावांच्या खांद्यावर शाल पडली. तेही हात जोडून मान झुकवत होते. मग खरे प्रमुख पाहुणे आले. एकटेच होते आणि साध्या शर्टात होते. शाल परत द्यावी लागली. "घालताना इचारलं नसंल तर काढताना तरी इचारा की," असं गणपतराव पायऱ्या उतरताना म्हणत होते, पण एकंदरीत आमचा अपमान झाला तो झालाच.

आम्ही वळणाशी जागा धरली, पुढं डिजिटल उभं केलं आणि मागच्या उंचवट्यावरून, त्याच्यावर माना काढून उभे राहिलो. नऊ मुली होत्या. तेजस्वीच्या छातीवर दोनशे चौदा. शिट्टी झाली आणि त्या निघाल्या. कंबर अशी काही हलत होती की आमच्यातले दोघं तिघं लाजून दुसरीकडं बघू लागले. आक्का म्हणाली, "घाट चढताना असंच चालाय लागतंय. काय हसायसारखं न्हाय त्यात."

हलगी सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या ती बेतानं वाजत होती. पण कुस्तीची सवय असलेला हात तो. कुस्तीत पैलवान भिडले की हलगी चढते, आणि इथं भिडण्यासारखं काहीच होत नसल्यामुळं हलगीवाल्यांना राहवेना. ठेका वाढला. आम्ही सगळे ओरडू लागलो, "पळ तेजा, पळ." सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पलीकडच्या कॉलेजची माणसं आमच्याकडं वळून बघत होती. मला वाटलं, हेवा वाटतोय.

नवव्या फेरीला मैदानाच्या कडेच्या एका काळ्या फलकावर कुणीतरी २१४ लिहिलं आणि त्यापुढं एक लाल टिकली चिकटवली. बाकी कुणाचाच नंबर नव्हता.

"नंबर लागला," गणपतराव म्हणाले. "फकस्त आपल्या पोरीचा लागलाय बघा."

आम्ही 'चांगभलं'चा गजर केला. गुलालाची पिशवी त्याच वेळी फुटली. फुटली म्हणजे गणपतरावांनी फोडली. हलगी आणखी चढली. अठराव्या फेरीला दोनशे चौदापुढं दुसरी लाल टिकली लागली आणि मग आमच्यात कुणी भानावर राहिलं नाही. मी सव्वीस वर्षं सचोटीनं नोकरी केलेला माणूस, पण त्या क्षणी मी हात वर करून नाचत होतो. तेजस्वी समोरून गेली तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. तिचा चेहरा रडवेला होता. मी तिला दोन बोटं दाखवली, दोन टिकल्या म्हणून.

तेवढ्यात तिचे प्रशिक्षक प्रसेनजीत सर मैदानाला वळसा घालून पळत आले. शांत माणूस. त्यांचा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्या दिवशीही चढला नाही.

"ती लाल टिकली म्हणजे पंचांनी दिलेली तक्रार आहे, साहेब. ती पळतेय म्हणून. दोन झाल्या. तिसरी लागली की ती बाहेर."

फेट्यावरचा गुलाल माझ्या नाकावर सांडत होता.

"तिचे पाय तुमच्या हलगीवर पडायला लागलेत. तुम्ही 'पळ' म्हणताय आणि तिला पळायचं नाहीये. सात फेऱ्या राहिल्यात. ती चौथी आहे. हात जोडतो, आता आवाज नको. एकसुद्धा नको." आणि ते परत पळत गेले.

मी तसाच उभा राहिलो. मागच्या वर्षी मी आलो नाही म्हणून तिला कुणी नव्हतं, आणि यंदा आलो तो तिच्या पायात पाय घालायला आलो. मला रडू येत होतं आणि ते आवाज न करता कसं आवरावं हे कळत नव्हतं.

ताबा घेतला तो आक्कानं. "बसा खाली समदी," ती हळू आवाजात म्हणाली. "डोंगर चढनाऱ्या मानसाबरुबर बोलू नये, त्याचा दम जातोय. एवडं बी कळंना व्हय तुमास्नी?" एकोणीस माणसं गवतावर बसली. हलगीवाल्यांनी हलग्या पालथ्या घालून त्यावर बूड टेकलं. गणपतरावांनी फेट्याचा शेव तोंडात कोंबला, कारण त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. वर्षाराणीनं दोन मिनिटांपूर्वीच सगळ्यांना मूठ मूठ भडंग वाटलं होतं. ज्यांनी ते तोंडात टाकलं होतं त्यांना आता चावता येईना. ते गाल फुगवून बसून राहिले. कोल्हापूरची वीस-एकवीस माणसं एका जागी गप्प बसलेली मी त्याआधी फक्त वीजबिलाच्या रांगेत, तीही यंत्र बंद पडल्यावर, पाहिली होती, आणि तेव्हाही फार वेळ नाही.

डिजिटलला वारा जायला जागोजागी भोकं पाडली होती. आम्ही त्यातून बघत होतो. माझ्या वाट्याला आलेलं भोक नेमकं माझ्याच छापील हनुवटीखाली होतं. तिथून मी माझ्या मुलीला बघितलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं, कारण तोवर मी ओरडत होतो. तिचे खांदे सैल होते. टाच टेकायची, गुडघा ताठ व्हायचा, कंबर वळायची, की दुसरी टाच. प्रत्येक पाऊल पहिल्यासारखंच. ही वर्षानुवर्षं पहाटे उठून जात होती ती हे घडवायला, आणि मी अंथरुणातून ओरडायचो की दार हळू लाव. मला तिचा इतका अभिमान वाटला की छातीत दुखलं.

एकोणिसाव्या फेरीला माझा फोन वाजला. कार्यालयातले साहेब. मी तो दाबला, तो आणखी मोठ्यानं वाजला, आणि मग आक्कानं तो माझ्या हातातून काढून भडंगाच्या डब्यात पुरला. भडंगातून साहेब बराच वेळ गुरगुरत राहिले.

एकविसाव्या फेरीला तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या मुलीच्या नंबरापुढं तिसरी टिकली लागली आणि पंचानं तिला बाहेर काढलं. ती पोरगी तिथंच बसून रडायला लागली. आमच्यातलं कुणी हललं नाही. तेविसाव्या फेरीला वळणावरचा पंच वाकून तेजस्वीच्या पायांकडं बघत होता, आणि ती त्याच्यासमोरून गेली तेव्हा वर्षाराणीनं माझ्या दंडाला धरलं होतं ते नखं रुतेपर्यंत. पंचानं हातातला फलक वर केला नाही. शेवटच्या फेरीत तेजस्वीनं पुढचीला गाठलं, तिच्या बाजूनं चालली आणि मग तिच्या पुढं गेली. पहिली फार लांब होती. तेजस्वी दुसरी आली.

आम्ही गप्पच. कधीपर्यंत गप्प बसायचं हे सरांनी सांगितलं नव्हतं, आणि आक्काला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तेजस्वी रेषेपलीकडं वाकून उभी राहिली. मग ताठ झाली आणि आमच्या दिशेनं यायला लागली. लंगडत, पण ताडताड. डिजिटलच्या कडेनं तिनं आत बघितलं आणि आम्हाला गवतावर, गुलालानं माखलेले, गाल फुगलेले बसलेले बघून जागीच थांबली.

"तुमी हितंच हाय?"

मी मान हलवली. बोलायचं की नाही अजून ठरत नव्हतं.

"मला वाटलं गेला. हलगी बंद झाली आनि वळून बघितलं तर डिजिटलवर सगळी हसालेत आनि मागं कोनच न्हाय." तिचा आवाज फुटला. "म्हटलं, औंदा बी गेली. असला राग आला मला. सात फेऱ्या नुस्ती रागानं चालले."

"रागात गुडगा वाकत न्हाय," आक्का म्हणाली. मग तिनं भडंगवाल्यांकडं बघितलं. "आता चावा."

मी उठलो आणि माझ्या मुलीला जवळ घेतलं. काय बोललो ते नीट आठवत नाही. चुकलो असं म्हणालो, आणि पुढच्या वेळी हलगी आणत नाही असंही म्हणालो. ती माझ्या गुलालाच्या शर्टावर नाक पुसत म्हणाली, "आना. वाजवू नका फक्त. मला दिसंल अशी वर धरा."

डिजिटल परत चौकात लागलं आहे. 'सुवर्ण'वर गणपतरावांनी 'रौप्य' असा कागद चिकटवला आहे. ते म्हणतात की सोनं काय, कुणीही आणतं.

अखिल भारतीय स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, दूर, परराज्यात. वर्षाराणी आणि मी जाणार आहोत, आणि आक्का आमच्यावर लक्ष ठेवायला येणार आहे. एक चर्मवाद्य न वाजवता मैदानात नेण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी रीतसर पाठवला होता. काल तो त्रुटी काढून परत आला. भाषा इंग्रजी होती, पण मजकूर माझ्या ओळखीचा होता. वाद्य वाजवायचे नसल्यास ते आणण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा करावा.

रात्री जेवणानंतर मी खुलासा लिहायला बसलो. चार मुद्दे झाले, दोन संदर्भ झाले, कोल्हापूरच्या परंपरेवर एक परिच्छेद झाला. वाचून बघितला आणि फाडून टाकला. मग नवा कागद घेतला आणि प्रयोजनासमोर एवढंच लिहिलं, मुलीला दिसावी म्हणून.